नऊ मिनिटांचा खड्डा

दक्षिण गोबीत आम्ही एक खांब उभा केला.
कुंपण, शिडी, माथ्यावर दोन पालथ्या काचेच्या वाट्या.
एक वाटी मोजते सगळा उजेड.
दुसरीवर एक काळा गोळा
दिवसभर सूर्याआड धरलेला :
ती मोजते सूर्य वगळून उरलेलं आकाश.
वर्षभर, मिनिटाला एक आकडा.
मग ठरणार, इथे पैसा ओतायचा की नाही.

वाट्या पुसायला त्सेंदसुरेन.
महिन्याला थोडे तुगरिक, एक वही, मऊ फडकं.
वहीत ती लिहिते : धूळ. हिम. धूळ. घार बसून गेली.
वेळ टाकताना घड्याळ बघत नाही.
तिच्या गेरच्या छपरातल्या गोल झरोक्यातून
कवडसा आत येतो आणि सरकत राहतो.
खोगिरावर आला की दहा,
फोटोंच्या पेटीवर आला की मध्यान्ह.
हिवाळ्यात तो छपराच्या दांड्यांवरच अडतो,
तेव्हा ती दांड्या मोजते.
मी ताडून पाहिलं. चुकलीच तर चार मिनिटांनी.

शहरात पडद्यावर मला रोज एक खड्डा दिसायचा.
आकाश निरभ्र, दहा वाजून गेलेले,
आणि आलेख एकदम खाली,
विहिरीत पोहरा सोडावा तसा.
नऊ मिनिटं. रविवारी वीस.
ढग इतका वक्तशीर नसतो.

फेब्रुवारीत गेलो. उणे सत्तावीस.
विचारलं, काच पुसायला नऊ मिनिटं?
"पुसायला एक," ती म्हणाली.
"चौथ्या पायरीवर फोनला रेंज येते.
ओर्गिल कोरियात आहे, मासळीच्या कारखान्यात.
तिथे तेव्हा अकरा. त्याची चहाची सुट्टी."
मग जरा थांबून,
"माझी टोपी मध्ये येते का?"

अशी मिनिटं खूण करून वगळायची असतात.
कारणाचा रकाना असतो. मी लिहिलं : सफाई.
दुसऱ्या वाटीला त्या नऊ मिनिटांत
फारसा फरक पडलेला नव्हता.
तिला सूर्य नसण्याची सवय.

वर्ष भरलं. प्रकल्प दुसरीकडे गेला,
जिथे विजेच्या तारा जवळ होत्या.
ऊन इथलंच सरस होतं, आकडे आहेत माझ्याकडे.
ट्रक आला तेव्हा तिने खारा चहा दिला,
वही दिली, फडकं धुऊन घडी घातलेलं.
आणि दारातून, पाठमोरीच :
शिडी ठेवाल का?

शिडी कंपनीच्या यादीत होती.
तिच्यापुढे, आणि ती टेकते त्या अर्ध्या खांबापुढे
मी लिहिलं : गंजून निकामी.
ऑफिसात कुणी विचारलं नाही
गोबीत गंजायला पाणी कुठून आलं.