दरफलक

शुक्रवारी म्हापशात
मयड्याच्या केळ्यांचा घड हातात तोलून
पिएदाद दर विचारते, नाक मुरडते,
दोन पावलं पुढे जाते.
मागून हाक येणार हे तिला ठाऊक असतं.
हाक येते.

तीच पिएदाद सोमवारी माझ्या काचेपुढे,
उजव्या डोळ्यात पिकलेला मोतीबिंदू.
"बाय, दोळ्याचो दर कितलो?"
मी शिकवल्याप्रमाणे विचारलं: रोख की विमा?
ती थांबली.
"दोळो एक, मगीर दर दोन कशे?"

बारा वर्षं मी या काचेआड आहे.
माझ्या संगणकात एकाच डोळ्याचे चार आकडे.
रोखीचा, विम्याचा, सरकारी कार्डाचा,
आणि एक कंपनी कापणारच म्हणून आधीच फुगवलेला.
लेन्स वेगळी. हातमोजे वेगळे.
कापूस आत कुणी मोजत नाही,
बिलात मोजलेला असतो.
म्हटलं, भरती झाल्यावर कळेल.
"म्हणजे बांगडा आधी खायचा,
काटा घशात अडकला की दर विचारायचा?"
रांगेतला एकजण हसला.
मी पुढचा नंबर पुकारला.

मग कोर्टाच्या उतारावर
डॉक्टर प्रभुगावकरांनी दारात पाटी लावली.
खडूने लिहिलेली, वळणदार अक्षरात:
मोतीबिंदू. हर्निया. मूळव्याध.
समोर एकेक आकडा, खाली एक ओळ:
सगळं आलं, कापूससुद्धा.
रोख असो, विमा असो.
आमचे मालक म्हणाले, दवाखाना आहे की खानावळ?
पण दिवाळीनंतरच्या एका मंगळवारी
माझ्या संगणकात डोळा तीन हजारांनी उतरला.
आदेश नाही, मोर्चा नाही.
पलीकडच्या गल्लीतला डोळाही उतरला.
मला उगाच आनंद झाला,
ट्रॉलर भरून आल्यावर
जेटीवर बायकांचा आवाज बदलतो ना, तसा.

पुढचं सांगायला नको, पण सांगते.
रात्री अडीच वाजता दामोदरने छातीवर हात ठेवला.
ॲम्ब्युलन्स त्याच उतारावरून गेली.
पाटी तिथेच होती, अंधारात.
तिच्यावर काळजाची ओळ नव्हती,
असती तरी मी वाचली नसती.
काळीज हातात धरून
दोन पावलं पुढे जाता येत नाही.
कुणी हाक मारत नाही मागून.

अंदाजपत्रक माझ्याच नमुन्यावर आलं,
मीच छापून घेतलेल्या.
स्टेंटचा दर सरकारने बांधलेला,
म्हणून बाकीचं सगळं सैल सोडलेलं.
अठरा वर्षं हप्ते भरलेल्या कंपनीने विचारलं,
रक्तदाब कधीपासून?
खोली कुठल्या वर्गाची?
मी त्या प्रश्नांना ओळखत होते.
रोज दुसऱ्यांना तेच विचारत होते.

दामोदर आता जिना हळू चढतो.
अर्धे पैसे आले. अर्धे पत्रव्यवहारात आहेत.

परवा बाजारात पिएदाद भेटली,
प्रभुगावकरांकडचा नवा डोळा घेऊन.
पिशवीतली पॉलिसी मी तिच्यापुढे धरली, गंमत म्हणून.
ती पाववाल्याच्या टपरीला टेकली,
कॉन्व्हेंटातल्या चार इयत्तांच्या जोरावर
मागच्या पानावरची मुंगीएवढी अक्षरं
एकेक करून लावत गेली.
बराच वेळ.
शेवटी कागद घडी करून परत दिला.
"हांगा पळय, दर बरयल्लो आसा," म्हणाली,
"फकत माल कितें तो बरोवंक ना."

आणि केळीवालीकडे वळली.