वॉकर

नावावरून वाटतं, हा माणूस दूर चालत गेला असेल.
नाही. यॉर्कशायरला, ओढ्याकाठी,
लाकडी कुंडीत शिळं मूत, त्यात विणलेली लोकर,
आणि हा अनवाणी, पोटऱ्यांपर्यंत,
तुडवतोय. दिवसभर. जागच्या जागी.

मग पाणचक्कीचे हातोडे आले.
पाय सुटले, नाव नाही सुटलं.

आता लॉन्सेस्टनला दातांचा डॉक्टर वॉकर.
किंग्स्टनच्या शाळेत हजेरीला उभी राहते डेल्फीन वॉकर;
तिच्या कितव्या तरी पणजोबाला हे नाव
मालकाच्या वहीत मिळालं,
खेचरांच्या खालच्या ओळीत.

हॅलिफॅक्सला डोरीन वॉकर, वय एक्क्याऐंशी,
न्हाणीच्या टबात घोंगडी भिजवते,
नळ बंद करते,
दाराकडे एकदा बघते,
आणि कठडा धरून
आत पाय ठेवते.