डावा हात

दुसरं वर्ष सगळ्यांत वाईट.
पहिल्या वर्षी काही येत नसतं
आणि येत नाही हे ऐकूही येत नसतं.
हात हलतो, कातडं वाजतं, माणूस खूश.
दुसऱ्या वर्षी कान पुढे निघून जातात
आणि हात मागे राहतात,
शाळेतून घरी यायचा कंटाळा करणाऱ्या पोरांसारखे
दर फाटकापाशी रेंगाळत.

मी गुरांची डॉक्टर. काहरसिवीनच्या आसपास
चाळीस मैलांत कुठेही गाय अडली की माझी गाडी.
मागच्या सीटवर कॅल्शियमच्या बाटल्या, दोरखंड,
आणि जुन्या स्वेटरात गुंडाळलेला बाउरान:
एका अंगानं मढवलेला, दुसऱ्या अंगानं उघडा.
कातडं बकरीचं. उजेडाकडे धरलं
की कण्याची रेघ अजून दिसते.
ऊन पडलं की ते ताणतं, ओल आली की सैलावतं.
आमच्याकडे ऊन पडत नाही,
त्यामुळे अर्धा प्रश्न मिटलेला.

गोबनेट शिकवते. मंगळवारी, स्वयंपाकघरात,
शेगडीवर बटाटे उकळत असताना.
चाळीस वर्षं पोस्टात शिक्के मारले तिनं.
मनगट अजून तसंच, सैल आणि अचूक,
कुणाचं काही देणं न लागणारं.
'काठी पेनासारखी धर,' म्हणते,
'पण सही करायची नाहीये, असं समज.'

जिगच्या सहा मात्रा आल्या. रील आली.
काठीचं वरचं टोक उलटं फिरवून
एका श्वासात तीन ठोके बसवायचे, तेही आले,
महिनाभर स्टिअरिंगवर घोकून,
एकदा तर एका शांत बैलाच्या पाठीवर.
मग ती म्हणाली, 'आता दोन्ही हातांनी वाजव.'
दोन्ही हातांनीच तर वाजवते, मी म्हटलं.
'छे. डावा नुसता उभा आहे,
लग्नात दुसऱ्याचा कोट सांभाळणाऱ्या माणसासारखा.'

डाव्याची जागा आत, कातड्याच्या पाठीशी,
जिथं कुणाची नजर जात नाही.
दाबला की सूर चढतो. सोडला की विहिरीत उतरतो.
मी दाबला.
बेडकावर पाय पडल्यासारखा आवाज आला.
बटाटे उतू गेले.

शनिवारी पबमध्ये, कोपऱ्यातल्या टेबलाशी,
शिकलेलं सगळं मी एकाच रीलमध्ये ओतलं.
बॅट शी, ऐंशीचा, मांडीवर ॲकॉर्डियन,
काही बोलला नाही.
नुसता भाता मिटायचा थांबला, मध्येच, एक मात्रा,
आणि माझे तीन ठोके एकटेच
खोलीभर अनवाणी पळाले.
कुणी हसलं नाही. तेच जास्त लागलं.
तीन शनिवार बाउरान स्वेटरातच.

मग मार्च. रात्रीचे दोन, डोंगरउतार, आडवा वारा.
टॉर्च किलियनच्या हातात, आणि तो हात कापतोय.
उजव्या कोपरावर सकाळीच एका गायीची लाथ,
म्हणून डावा हात मेंढीच्या पोटात.
आत दोन कोकरं, आणि कुठला पाय कुणाचा
याचा हिशेब बोटांनीच लावायचा.
कळ आली की थांब.
ओसरली की सरक.
डोकं मागे लोट, जोरानं नाही,
दार आधीच कुणीतरी उघडतंय
आणि आपण फक्त अडवत नाही, इतपत.
कधी दाबायचं ते तीच सांगत होती.
मला फक्त गप्प राहायचं होतं
मनगटापासून पुढे.

पहिलं कोकरू शिंकलं.
दुसरं बराच वेळ काहीच करेना.
मी त्याच्या बरगडीवर बोटांनी घासत राहिले,
सहा, सहा, सहा,
आणि मग तेही.

मंगळवारी गोबनेटकडे गेले तेव्हा
बोटांना आयोडीनचा वास तसाच होता.
एकच जिग वाजवली. अर्धी. हळू.
उजवा हात काय करत होता, आठवत नाही.
आत, कण्याच्या रेघेशी,
तळवा कशाची तरी वाट बघत होता
आणि ते येत होतं, जात होतं.

गोबनेट पाठमोरी.
तिनं पातेल्यात सुरी खुपसून पाहिली.
'अजून कच्चे,' म्हणाली.

बटाट्यांबद्दल असावं.