पोटाखालचं पाणी

कागदावर तिचं नाव इंग्रजी आहे, लांबलचक,
मालकाच्या मुलीने ठेवलेलं.
आम्ही खारी म्हणतो.
कॅम्पातल्या बेकरीतून पहाटे निघते त्या खारीचा रंग,
आणि स्वभावही तसाच, हात लावला की पापुद्रा थरथरतो.

ऑक्टोबरचा तिसरा रविवार. चौथी शर्यत.
खारी पाचवी आली. पाचवीचा कुणी फोटो काढत नाही.
जॉकी उतरला, खोगीर घेऊन वजनाला गेला,
आणि माझ्या हातात राहिलं
साडेचारशे किलो धगधगतं काहीतरी.
नाकपुड्या आतून जास्वंदीसारख्या लाल,
मांड्यांमध्ये साबणासारखा फेस,
आणि बरगड्या मोजता येईनात
इतक्या भराभर येत होत्या, जात होत्या.

"पाणी," डॉक्टर ओळकर बाई म्हणाल्या.
"बर्फाचं. आणि थांबू नकोस."

माझा हात थांबला.

हा हात करीमबक्ष उस्तादांनी घडवला.
खरारा फिरवायचा तो केसाच्या कलाने;
खूर उचलताना आधी खांद्याला सांगायचं, मग पायाला;
आणि तापल्या जनावरावर गार पाणी? तोबा.
"नस पकडती, भिवा. जित्त्या घोड्याचा पुतळा होतो."
फिरवायचं. नुसतं फिरवायचं,
पाठीवर घोंगडी टाकून, ओल्या फडक्याने तोंड पुसत,
घाम आपोआप वाळेपर्यंत.
वीस वर्षं मी फिरवले.
वानवडीच्या बाजूला, कडुलिंबाखाली,
माझ्या पायांचं एक वर्तुळ आहे. तिथे गवत येत नाही.

बदामलाही तिथेच फिरवला होता.
सहाव्या फेरीला अडखळला.
सातव्या फेरीला मला वाटलं, हौदाकडे बघतोय.
हौद दहा पावलांवर.
मी म्हणालो, थांब राजा, आधी निव.
आठवी फेरी झाली नाही.

"तुझ्या पोराला ताप आला तर काय करतोस?"
बाईंनी विचारलं, पाईप स्वतःच्या हातात घेत.
"घोंगडी घालून अंगणात फिरवतोस?"

पहिली बादली मी डोळे मिटून ओतली.
मानेवर, छातीवर, मागच्या मांड्यांवर.
खारी दचकली. पुतळा झाली नाही.
मग बाईंनी माझं मनगट धरून
तिच्या पोटाखाली नेलं, पाणी निथळत होतं तिथे.
कढत.
बंबातून काढावं तसं कढत, ते बर्फाचं पाणी.
कातडीवरून चार वीत उतरेपर्यंत
एवढं घेऊन येत होतं आतून.

मग थांबलो नाही.
नऊ बादल्या. अकरा. पुढे आकडा सुटला.
पँट भिजली, बुटांत पाणी झालं,
पोरं हसली, "भिवाभाऊ, आंघोळ कुणाची चाललीय?"
हात पुन्हा पुन्हा पोटाखाली.
कढत. ऊन. कोमट.
आणि मग एकदा, नळाला येतं तसं, साधं.
बरगड्या मोजता यायला लागल्या.

संध्याकाळी घोरपडीला गेलो, उस्तादांकडे.
नजर गेलीय त्यांची, पण पायरीवरच ओळखलं:
"घोडा धुऊन आलास."
सांगायलाच गेलो होतो.
बदामचं. हौदाचं. दहा पावलांचं.
त्यांनी माझा हात नाकाशी नेला, वास घेतला,
"घोडी आहे. लई दमली. पण जगेल."

चहा आला. बुडवायला बशीभर खारी आली.
त्यांनी विचारलं, गप का?
म्हणालो, काही नाही, ऊन लागलं.

चहा फार गरम होता.
खारी बाजूला ठेवून मी तो बशीत ओतला,
निवू दिला,
मग त्यांच्या हातात दिला.