नाव घालणे

चार हजार तीनशे बारा.
एवढे आवाज आहेत माझ्याकडे
आणि एकाचंही नाव धड नाही.
'नवीन १', 'नवीन १ खरा', 'नंतर बघू',
'पाऊस नाही हा तेल आहे' –
हा कर्वे रोडच्या वडेवाल्याच्या कढईतला,
पहाटे साडेपाचचा, पहिला घाणा.

धायरीच्या या खोलीत भिंतींना गाद्या टेकवून
तीन रात्री आवरतोय.
आधी ठोके एकीकडे. जाड, बारीक,
कोरडे, घुमणारे. मग गती, मग पट्टी.
नदीपात्रातला ढोल, लांबून.
तोच ढोल, जवळून. यात माझंच 'बास, बास' ऐकू येतं.
लोखंडी शटर, रविवार पेठ: काळी पाच.
बसची दोरी, टिंग टिंग: पांढरी सहा, थोडी उतरलेली.

यतीन असता तर एका दुपारीत उरकलं असतं.
तो आवाज घेतानाच नाव घालायचा.
हिंजवडीला नोकरी धरली तेव्हा म्हणाला,
डिस्क तुझी, मला फक्त कॉपी दे.
भांड्यांची वाटणी अशी होत नाही,
एक पातेलं दोन घरांत चढत नाही.
इथे दोघांकडे सगळंच गेलं
आणि भांडायलाही काही उरलं नाही.

मंडईजवळ भांड्यांवर नाव घालून देणारा बसतो,
त्याचं मशीनही आहे इथे. बावीस सेकंद.
टर्रर्र, थांबा, टर्रर्र.
कुणाचा डबा होता, विचारायचं राहिलं.
थांबण्यावरून अक्षरं मोजली एकदा:
सात. की सहा आणि एक टिंब.

तांबट आळीत करडे म्हणाले होते,
बसा, पण मध्ये बोलू नका, हात चुकतो.
समोर बंब. एकशे चाळीस ठोके घेतले.
पहिले मऊ, मग तांबं ताठत जातं
आणि ठोक्यागणिक आवाज चढतो.
शेवटच्या ठोक्यानंतर चार सेकंद काहीच नाही,
मग करडे:
'झालं का तुमचं?'

ही शेपटी छाटायची असते.
आधीचा श्वास, नंतरचं खाकरणं,
सगळं काढून ठोका एकटा ठेवायचा,
म्हणजे तो कुणाच्याही गाण्यात बसतो.
त्यांचा बसलाय तीन जाहिरातींत.
एक तर स्टीलच्या कुकरची.
हे त्यांना सांगायला मी गेलेलो नाही.

छाटली. परत आणली.
परत छाटली, तेव्हा शेपटीचीच वेगळी फाइल झाली.
आता हिला ठेवू कुठे?
गती नाही. पट्टी म्हणावी तर
'का' जरा वर जातो, तेवढंच.
'माणसं' असा कप्पा केला तर त्यात ही एकटीच,
'इतर'मध्ये टाकली तर संपलंच,
तिथे आधीच अकराशे आहेत.

सव्वातीन.
सिंहगड रोडवरचा एक ट्रक गाद्यांतून आत येऊन गेला.
नावाच्या चौकटीत रेघ लुकलुकतेय.
टाइप केलं: करडे बंब.
बंब पुसला.

चार हजार तीनशे तेरा.