सराटा

देवकाबाई नन्नावरेच्या खात्यात एक्केचाळीस लाख आले
तो बुधवार होता.
गुरुवारी शाळेत वरणभात असतो.
आम्ही मास्तर लोकांनी ऑफिसात बसून पैज लावली,
येते का नाही येत.

दीड एकर बरड, बापानं नावावर करून दिलेलं.
बाभळी, तरोटा, पाणी न लागलेली एक विहीर.
नवरा होता तोवर म्हणायचा,
हे वावर नाही,
सासऱ्यानं माझ्यावर काढलेलं उट्टं आहे.
त्यातून चौपदरी रस्ता गेला.
नवरा हे पाहायला राहिला नाही.

गावानं तिच्या वतीनं सगळं ठरवून टाकलं.
चक्कीवर ठरलं, नागपूरला फ्लॅट घेईल.
पानठेल्यावर ठरलं, जावई गोड बोलून नेईल.
हापशीवर बाया म्हणाल्या,
आता कायले उठते ते पहाटेची,
मी तं दहा वाजेलोक झोपली असती, माय.

साडेनऊला फाटक वाजलं.
तेच जांभळं पातळ, पदर खोचलेला,
हातात घरचा सराटा,
कारण शाळेचा दांड्यापाशी हलतो.
नव्यासाठी दोन अर्ज केलेत मी.
मंजुरी येते आहे.

मी शंभर रुपये हरलो.
येणार नाही म्हणालो होतो,
कारण मी आलो नसतो.
बारा वर्षं चार महिने उरलेत मला.
दर दिवाळीला तिकीट घेतो लॉटरीचं,
आणि राजीनाम्याचं पहिलं वाक्य
पाठ आहे.

विचारलं तिला, काहून जी, आता कशाला?
ती डाळीतले खडे काढत होती.
"एकशे सात लेकरं ना गुरुजी आज?"
म्हटलं, शंभर. सात लग्नाला गेलेत.
"मंग सात मुठी कमी टाकते."
हे उत्तर होतं का,
मला अजून कळलेलं नाही.

श्रावणात समितीची सभा भरली.
कुणी वाईट बोललं नाही, तेच जड गेलं.
अध्यक्ष म्हणाले, बाई, तुमचं भागलं.
रत्नमाला दडमलच्या घरात कमावतं कुणी नाही,
पोरगं चौथीत.
मानधन ते कितीसं, पण तिला तेवढंच.
रत्नमाला बाहेर व्हरांड्यात उभी होती,
आत बोलावलं नाही म्हणून
भिंतीवरचे पाढे वाचत.
देवकाबाईनं कमरेची किल्ली काढली,
टेबलावर ठेवली.
सराटा नेला.

तीन दिवस खिचडी खाली लागत होती.
पोरं करपलेलं ताटाच्या कडेला सारून
मुकाट जेवत होती.
शेजारीण सांगत होती,
तिनं घरातली सगळी डाळ दोनदा निवडली,
मग माझी मागितली.

चौथ्या दिवशी आली.
रजिस्टरात सही नाही, मानधन नाही.
"एकटीले तो मोठा गंज हालत नाही जी," एवढंच.
सांबार धुवायला बसली.

मला वाटलं, सुटलं सगळं.
पोरं दुसऱ्यांदा भात मागू लागली,
साहेब भेटीला आले, चव घेतली, शेरा लिहिला.
शेऱ्यात नाव देवकाबाईचं आलं.

त्या संध्याकाळी रत्नमाला कुलूप लावता लावता म्हणाली,
"तिले पैसे पुरले गुरुजी, काम नाही पुरलं.
मले एकच भेटलं होतं,
त्यातही ते वाटेकरी."
आणि मग लगेच,
"सांगू नका तिले. चांगली आहे बाई."

मी सांगितलं नाही.
तसंही काय सांगणार होतो,
तीन वाजल्यापासून घड्याळ पाहणारा माणूस.

काल नवा सराटा आला, मंजूर होऊन.
कुणाच्या हातात द्यावा ते सुचेना,
म्हणून कपाटात ठेवलाय, खडूच्या खोक्यांमागे.
तिथंच तिकीट आहे माझं.
निकाल शनिवारी.