मोजणीचा दगड

शब्द फोडून बघा, मास्तर म्हणायचे:
पश्चात् आणि ताप.
म्हणजे आधी काहीच होत नाही.
आधी तर छान झोप लागते.

मला सव्वीस वर्षं लागली.

बाळकुमला आमची दोन खाचरं, मधे बांध,
बांधावर दगड, आणि दगडावर आमच्या बापानं
छिन्नीनं कोरलेला वाकडा क्रूस.
बिल्डरची माणसं फीत घेऊन यायची होती,
आदल्या रात्री मी तो पहारीनं उचकटला
आणि कायतानच्या बाजूला सरकवला.
साडेतीन हात. जास्त नाही.
सकाळी थोरल्यानं दगडाकडं बघितलं,
मग माझ्याकडं, आणि म्हणाला, चल, चहा घेऊ.
पुढं कळव्याच्या दवाखान्यात तो गेला
तेव्हा त्यालाही तेवढीच लागली.

भिंत उठली, दगड बिनकामाचा झाला.
मथिल्दानं मोरीत बसवून घेतला, कपडे आपटायला.
माझे रविवारचे सदरे त्याच्यावरच पांढरे झाले.

पापनिवेदन मी एकदाही चुकवलं नाही.
जाळीपल्याडचे कान बदलत गेले, माझी यादी तीच:
उंबराच्या पाण्याला जास्त झाली, बायकोवर ओरडलो,
दोन मिस्सा बुडाल्या.
सुटे पैसे मोजून द्यायचे,
नोट आतल्या खिशात.

या राखेच्या बुधवारी नवा फादर, वसईचा पोरगा,
अंगठा अजून कोवळा.
गेल्या वर्षीच्या झावळ्यांची राख.
हिरव्या होत्या तेव्हा हातात धरून मिरवलो होतो.
शुक्रवारी जाळीशी गेलो आणि दगड बोललो.
रडलोही. बरं वाटलं.
माझं रडून होईतो तो थांबला, मग म्हणाला,
"दगड कुठंय?"

हळहळ घरी बसून करता येते.
याला चपला घालाव्या लागतात.

आणि माफी, मी विचारलं.
"ती कधीचीच निघालीय तुमच्याकडं.
तुम्हीच पाठ करून चालताय."

कागद व्हायला तीन आठवडे गेले.
रिक्षावाला म्हणाला, चाचा, काय एवढं जड?
म्हटलं, उसनं आणलेलं.

नाताली वहिनी खारेगावला, चौथ्या मजल्यावर, लिफ्ट बंद.
प्रत्येक वळणावर मी तो टेकवला.
तिनं दार उघडलं.
मी आधी गाळ्याचा कागद पुढं केला, तिच्या लेकीच्या नावचा.
वकिलानं वर बक्षीसपत्र लिहिलेलं;
तेवढा एक शब्द खोटा.
मग दगड उंबऱ्याशी ठेवला.

कागद तिनं वाचला नाही.
खाली बसून क्रूसात अडकलेला साबण
नखानं काढत राहिली.
बऱ्याच वेळानं म्हणाली,
"त्यांना माहीत होतं."
दगड तिनं ढकलत आत घेतला, मला नाही.
दार लागलं. कडीचा आवाज काही आला नाही,
मी दोन मजले उतरेपर्यंत कान देऊन होतो.

घरी मोरीत आता चौकोनी खळगा,
त्यात पाणी साचतं, एखादं गांडूळ.
मथिल्दा रोज विचारते, कपडे कशावर आपटू?
दुसरा आण की.
आणीन म्हणतो.
पण पुनरुत्थानाच्या रविवारपर्यंत
राहू दे ती जागा
रिकामी.